आमच्या रेगेत झील धरणारा

या पानावरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतो, लिहायला मात्र आज पहिल्यांदा बसलोय. वाचताना माझा एक ठरलेला उद्योग असायचा. कुणाला पैंजण ऐकू आले, कुणाला विहिरीतून हाक आली, की मी मनातल्या मनात कारण शोधून मोकळा. कारण आवाज हाच माझा धंदा. मी कीबोर्ड वाजवतो. इको कुठून येतो, एका माईकचा आवाज दुसऱ्यात कसा शिरतो, स्वस्तातल्या केबलीत शेजारचा रेडिओ कसा घुसतो, हे सगळं मी रोज निस्तरतो. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आज आहे असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. खालचं वाचून कुणी "भाऊ, केबल बदल" म्हणालं तर मी रागावणार नाही. केबल बदलून झाली आहे...

माझं नाव भागवत. गाव धावडा, तालुका भोकरदन. सध्या जालना एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एका खोलीत राहतो. 'लोकर' नावाचा आमचा दोघांचा बँड आहे. सोपान गातो, मी वाजवतो. आम्ही रेगे करतो, म्हणजे ते परदेशी जटावाल्यांचं डुलतं संगीत. हो, जालन्यात. हसून घ्या, आम्हाला सवय आहे. गावात एकानं तर "रेगे म्हंजी कोन्त्या कंपनीचं बियानं?" असं मनापासून विचारलं होतं.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सोपान आणि मी एकाच गल्लीतले. दोघांचीही घरं मेंढरांची. आता मेंढरं कमी आणि मका-कापूस जास्त. सोपानचे वडील, म्हणजे माझे किसनमामा, ओव्या म्हणायचे. नात्यानं मामा नाहीत, पण लहानपणापासून मामाच. आणि माझे वडील, आबा, त्यांच्या शेजारी बसून झील धरायचे. आमच्याकडची पद्धत अशी की ओवी म्हणणारा शेवटचा शब्द पुरा करत नाही. अर्ध्यावर सोडतो. शेजारचा तो तिथून उचलतो आणि लांबवत नेतो, तोवर म्हणणारा दम घेतो. तो उचलणारा म्हणजे झीलकरी. ऐकणाऱ्याला वाटावं की एकच माणूस न थांबता गातोय. एखाद्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली की संध्याकाळी दोघं बांधावर टेकायचे, आणि अख्खी वस्ती कामं टाकून येऊन बसायची. कौतुक सगळं किसनमामांचं व्हायचं. आबांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांचा एकच नियम होता: ओवी उघडी ठेवायची नाही. शब्द सुटला की तो कुणीतरी धरलाच पाहिजे.

आबांनी मलाही झील शिकवायला घेतलं होतं. पण मी उशिरा यायचो. प्रत्येक वेळी. मामांनी शब्द सोडला की माझ्या डोक्यात आधी तो ऐकू जायचा आणि मग माझं तोंड उघडायचं. तेवढ्या फटीत आबा खाकरायचे. दोन बारीक आणि मग एक लांब, घशाच्या तळातून ओढून आणलेलं. रागावणं, मारणं त्यांच्यात नव्हतंच. एवढंच. पण ते खाकरणं आलं की वस्तीतली सगळी माणसं माझ्याकडं बघायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी एक दिवस ते मामांना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्याला. त्याला ठेका सापडत न्हाई." आणि माझ्या जागी त्यांनी सोपानला जवळ बसवलं. त्याला सगळ्या ओव्या दिल्या, कुठं श्वास घ्यायचा, कुठं शब्द सोडायचा ते दिलं. मी समोरच्या ओट्यावर बसून बघत असायचो. जळायचो म्हणा ना, सरळ. ते जळणं तेव्हापासूनचं आहे.

मी मग जालन्याला पळालो आणि एका बेंजो पार्टीत कीबोर्डला लागलो. आबांनी मला आयुष्यात एकदाच वाजवताना ऐकलं, भोकरदनला एका वरातीत. मी त्यांना बघितलं, त्यांनी मला बघितलं, आणि ते रस्त्याच्या कडेला जाऊन एका टपरीमागं उभे राहिले. कानाला त्रास झाला असेल. पण मी ते विसरलो नाही.

रेगे आमच्याकडं कसा आला, तर मेमरी कार्डातून. पार्टीसाठी नवी गाणी हवी होती म्हणून मी नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात कार्ड भरून घेतलं. दुकानदारानं घाईत कोणता फोल्डर टाकला कुणास ठाऊक, डीजेच्या गाण्यांत परदेशी जटावाल्यांची गाणी मिसळून आली. सोपान तेव्हा एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत पोती भरायच्या कामाला होता. डबा खाताना मी त्याला ऐकवलं आणि म्हणालो, "हा कीबोर्डवाला बघ, बिलकुल कच्चा हाय. ठेका पडून जातो, मंग हा वाजवतो."

सोपाननं भाकर हातात धरूनच ऐकलं. मग हसत सुटला.

"अबे, हा कच्चा न्हाई," तो म्हणाला. "हा तर तू हाय."

खरंच होतं ते. ज्या उशिरापायी मला झीलेवरून उठवलं, तोच उशीर या संगीतात मुद्दाम करायचा असतो. ठेका पडतो तिथं गप्प बसायचं आणि मधल्या फटीत हात टाकायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की जगात कुठंतरी माझीही जागा आहे. फक्त ती धावड्यापासून फार लांब होती, एवढंच.

सोपाननं त्याच्यावर ओव्या बसवल्या. पहिला कार्यक्रम एका रोलिंग मिलच्या विश्वकर्मा पूजेला झाला. समोर पाळीवर जाणारे आणि पाळीवरून सुटलेले कामगार. आधी सगळे प्रसाद हातात घेऊन नुसते बघत राहिले, मग मागच्या बाजूला एक भट्टीवाला डोलायला लागला, आणि मग सगळेच. पुढं कॉलेजांची गॅदरिंगं, संभाजीनगरात कॅफे, मग पुणे. आबा मात्र त्या पूजेच्या आधीच गेले होते. छातीत कळ आली आणि गेले. 'लोकर' त्यांनी कधीच ऐकली नाही. ते गेल्यावर किसनमामांनीही ओवी म्हणणं सोडलं. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "मी म्हन्तो, पन झील कोन धरील?"

आमच्या गाण्यांतही झीलेची जागा तशीच राहिली होती. सोपानची सवय जाईना. शेवटचा शब्द आला की तो सोडूनच द्यायचा. आमचं पहिलं गाणं होतं त्यात एक ओळ आहे, "उन्हाच्या माळावरी, कोकरू मागं राह्य..." आणि पुढचं 'लं' नाहीच. मी तिथं ऑर्गनचा एक सूर टाकायचो. गायला मी तयार नव्हतो. गायचं म्हटलं की माझ्या कानात ते खाकरणं यायचं.

बँड चालला तसं माझं जळणंही वाढलं. दोघांचा बँड म्हणायचं, पण फोटो सोपानचा. पुण्यातल्या एका कार्यक्रमाच्या पोस्टरवर त्याचा अख्खा चेहरा होता आणि कोपऱ्यात माझं कोपर. मी ते पोस्टर घरी आणलं होतं. मायनं विचारलं, "यात तू कुठं हायेस?" मी कोपर दाखवलं. तिनं कोपरावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बराबर हाय, तुझंच हाय." लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढायचे आणि फोन माझ्याच हातात द्यायचे. हे सगळं आधीच सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात मला भीती कमी वाटली आणि पोटात जास्त दुखलं. ते खोटं सांगून काय करू?

तर आता मूळ गोष्ट. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसवर, वरच्या मजल्यावर एक छोटा स्टुडिओ आहे. चालवणारे इर्शादभाई. भजनं, निवडणुकीच्या जाहिराती, लग्नाची गाणी असं सगळं करतात. आम्ही तिथं आमचं ते पहिलं गाणं, 'कोकरू', रेकॉर्ड करायला गेलो. भर दुपार होती. खाली ट्रकमध्ये पोती चढवायचं काम बंद होईपर्यंत थांबलो, मग सुरू केलं. आधी माझा कीबोर्ड झाला, मग सोपान आतल्या खोलीत एकटा माईकसमोर. मी आणि इर्शादभाई काचेच्या अलीकडं. तो गायला, शब्द सोडला, शांतता, पुढची ओळ. सगळं नीट झालं. ऐकायला बसलो.

"कोकरू मागं राह्य..." सोपान म्हणाला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "...लंऽऽ"

बारीक होतं. पण स्वच्छ. जाड, वयस्क, जरा नाकातला आवाज. बरोबर ठेक्यावर उचललेला, आणि सोपानच्या पुढच्या ओळीपर्यंत नीट नेऊन सोडलेला.

इर्शादभाईंनी गाणं थांबवलं. "सोपानभाई, आपने गाया?" सोपान म्हणाला, न्हाई. मी म्हणालो, केबल. केबल बदलली. पुन्हा घेतलं. पुन्हा आला. मी माईक बदलायला लावला, पंखा बंद केला, तिघांचे फोन खालच्या वॉचमनकडं ठेवून आलो. जिथं जिथं सोपाननं शब्द सोडला तिथं तिथं तो आवाज आलेला. गाताना कानाला काही नाही, सोपानच्या हेडफोनमध्येही काही नाही, फक्त नंतर ऐकताना. मग मी सोपानला सांगितलं, शब्द पुरा म्हण. त्यानं "राह्यलं" असं पूर्ण म्हटलं. तेव्हा काहीच आलं नाही. इर्शादभाईंनी हात धुतले, काहीतरी पुटपुटले, आणि म्हणाले, "भाई, मेरे को कुछ समझा नहीं. मगर सुर में है."

ते गाणं आम्ही तसंच नेटवर टाकलं. सोपानच म्हणाला, असू दे, चांगलं वाटून राह्यलं. आणि ते चाललं. आमचं आजवरचं कुठलंच गाणं एवढं चाललं नव्हतं. खाली लोक लिहायला लागले. मागचा आवाज कुणाचा? ते काका कोण? तिसऱ्या माणसाला पुढं आणा, अंगावर काटा आला. मी सगळं वाचायचो, रोज. कीबोर्डबद्दल कुणी काही लिहिलंय का ते शोधायचो. एकानं लिहिलं होतं, "कीबोर्ड थोडा कमी केला तर काकांचा आवाज अजून छान येईल."

म्हणजे बघा. आधी सोपान होता, त्याचं मी कसंबसं गिळलं होतं. आता जो माणूस नाहीच त्याच्याही मागं मी. दोघांच्या बँडमध्ये माझा नंबर तिसरा लागला होता.

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा माय अंगणात लसूण सोलत बसली होती. फोनवर ते गाणं लागलं. मी लावलं नव्हतं, माझ्या बहिणीच्या पोरीनं लावलं. माय आधी सोपानचा आवाज ऐकून हसली. मग ती ओळ आली. तिच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

"परत लाव," ती म्हणाली.

परत लावलं.

"हे तर तुझे आबा."

मी म्हणालो, "माय, काहीतरी बोलू नको. आबांचं रेकॉर्डिंग कुठून येईल?" आणि ते खरंच आहे. आबा फोनसमोर कधी गायले नाहीत. कुणी मोबाईल पुढं केला की उठून जायचे. त्यांच्या आवाजाची एक ओळही कुणाकडं नाही, हे मी नंतर गावभर विचारून खात्री केली. पण माय माझं ऐकतच नव्हती. ती म्हणाली, "इतकी वर्सं त्या आवाजाखाली झोपले मी. मला सांगतो व्हय?" आणि फोन कानाला लावून चुलीजवळ जाऊन बसली. ती रडली नाही. नवीन लुगडं मिळाल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

आणि एकदा तिनं सांगितल्यावर मलाही ते ऐकू यायला लागलं. तोच नाकातला सूर. शेवटी जरा खाली घसरून थांबणं. मी इतके दिवस ओळखलं कसं नाही, तर मी तो आवाज ऐकतच नव्हतो, त्याच्यावर जळत होतो.

तुम्ही म्हणाल, वडिलांचा आवाज आला, आनंद झाला असेल. नाही झाला. मला एकच दिसत होतं. माझा बाप मी वाजवत होतो त्या वरातीतून निघून टपरीमागं गेला, आणि मेल्यावर आला तो सोपानच्या माईकमध्ये. मी तिथंच काचेच्या अलीकडं बसलो होतो. माझाही कीबोर्ड त्याच दिवशी रेकॉर्ड झाला होता. त्यात काही नाही, मी शंभर वेळा एकट्यानं लावून ऐकलं. नुसता कीबोर्ड.

मग मी नाही ते केलं. खोलीवर आलो, फोन समोर ठेवला, आणि आबांची आवडती ओवी स्वतः म्हटली. शेवटचा शब्द सोडला. थांबलो. ऐकलं. बाहेरच्या टेम्पोचा हॉर्न होता आणि माझा श्वास. दुसऱ्या दिवशी पुन्हा, सकाळी. मग चांगला माईक आणून. मग आबांचं पागोटं मायकडून मागून आणून समोर ठेवून. मला लाज वाटते, पण सांगतो, मी एकदा म्हणालोसुद्धा, "आबा, मी भागवत हाय." काही नाही. सोपाननं मात्र तिकडं गावाकडून नवं गाणं सहज फोनवर गुणगुणून पाठवलं, त्यातही शेवटाला आबा हजर.

मी तडक धावड्याला सोपानच्या घरी गेलो. तो दावणीपाशी बकऱ्यांना पाला टाकत होता, किसनमामा बाजेवर. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तू माझी जागा घेतली, तू माझा बाप घेतला, असं बरंच बोललो. सोपाननं हातातला पाला खाली ठेवला. मग म्हणाला, "मी बोलावलं का त्यान्ला? तुझा बाप हाय, तूच ने. मला त्यान्च्यासंगं गायला गोड वाटतं, हे खरं हाय. त्यात माझी काय चूक झाली ते सांग."

त्याची चूक नव्हतीच, म्हणून तर मला जास्त राग आला. मी बँड सोडतो म्हणालो. तेव्हा किसनमामा बाजेवर उठून बसले.

"भागवत, हिकडं ये. ते गानं मीबी ऐकलं," ते म्हणाले. "तुला वाटतं तुझा बाप सोपानसाठी येऊन राह्यला. अरे, हे येडं शब्द सोडून देतं आन् शेजारी कोनीच न्हाई. ओवी उघडी पडती. त्या मान्साला आयुष्यात उघडी ओवी सोसली न्हाई, मंग आता कशी सोसल? त्यो कोनासाठी आल्ता ते मला ठाव न्हाई. पन ज्या जागी येऊन बसून राह्यला ती जागा कोनाची हाय, ते तुला ठाव हाय का न्हाई?"

मी म्हणालो, मला झील येत नाही. आबांनीच उठवलं होतं मला.

"उठवलं व्हतं," मामा म्हणाले. "काढून न्हाई टाकलं. दुसऱ्या कोनाला बसवलं का तिथं? सोपानला ओवी दिली त्यानं. झील न्हाई दिली."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. सोपान आबांच्या शेजारी बसायचा, पण शिकायचा ते मामांचं काम, ओवी म्हणणं. आबांचं काम त्यांनी कुणालाच दिलं नव्हतं. मी ओट्यावरून इतकी वर्षं जे बघत होतो ते अर्धंच बघत होतो. तरी खरं सांगतो, तेव्हाही माझा राग लगेच गेला नाही. आतून कुठंतरी वाटतच होतं की मामा माझी समजूत घालतायत.

पुढचं गाणं रेकॉर्ड करायला गेलो तेव्हा मी इर्शादभाईंना दोन माईक लावायला सांगितले. सोपानच्या शेजारी उभा राहिलो. त्यानं शब्द सोडला आणि मी उचलला. वेळेवर. कीबोर्डवर इतकी वर्षं फटीत वाजवून वाजवून एक झालं होतं, ठेका कुठं पडतो ते मला आता पक्कं कळत होतं. त्याच्या नंतर यायचं तर आधी तो माहीत असावा लागतो ना. पहिली ओळ, दुसरी, सगळ्या धरल्या. काचेपलीकडून इर्शादभाईंनी अंगठा दाखवला.

ऐकायला बसलो. सोपानचा आवाज, माझा आवाज. बस.

आबा नव्हते. कुठंच नव्हते. आम्ही सगळं पालथं घातलं. त्यानंतर आजतागायत, मी झील धरलेल्या कुठल्याही गाण्यात ते आलेले नाहीत. सोपान त्या दिवशी जिन्यात बसून रडला. "तू कशाला म्हन्लास रे?" असं म्हणाला. तो रडतोय आणि मी कोरडा, हे बघून मला परत त्याचा हेवा वाटला. बाप माझा, आणि रडायला येतंय ते त्याला. मायला काही दिवस सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दमले असतील. आता तू हायेस."

लोकांनी काय लिहिलं ते विचारू नका. "जुने काका चांगले होते." "नवीन झीलवाला ठीक आहे, पण ती गोष्ट नाही." मी वाचतो आणि फोन उलटा ठेवतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. तेवढ्याला कारणं शोधता आली असती, मी शोधलीही होती. पण मागच्या महिन्यात एक झालं. रविवारची सकाळ, शेजारची मिल बंद, खोलीवर मी एकटा. नव्या गाण्यासाठी सोपानचा आवाज फोनवर आला होता, त्याच्यावर मी कीबोर्ड आणि झील भरत होतो. एका ओळीला माझी बोटं ऑर्गनमध्ये इतकी गुंतली की झील धरायचं राहून गेलं. शब्द तसाच सुटला. पुन्हा घेऊ म्हटलं, पण आधी ऐकून बघावं म्हणून मागं नेलं.

सोपाननं शब्द सोडला. माझा ऑर्गन वाजला. आणि त्या रिकाम्या जागेत कुणीतरी खाकरलं. दोन बारीक, आणि मग एक लांब.

मी हेडफोन काढले. खोलीत कुणी नव्हतं. दार आतून लावलेलं. मी सोपाननं पाठवलेलं मूळ एकटं लावून बघितलं, त्यात नाही. कीबोर्ड एकटा लावला, त्यात नाही. माझ्या तोंडासमोर जो माईक होता, ज्यात मी त्या ओळीला काहीच म्हटलं नव्हतं, त्यात आहे. मी तेव्हा खाकरलो असेन का? शक्य आहे, माणसाला आठवत नाही. पण मी कधी तसा खाकरत नाही. तसा एकच माणूस खाकरायचा, आणि एकाच माणसाकडं बघून.

एका माईकचा आवाज दुसऱ्यात शिरणं, जुनं रेकॉर्डिंग मिसळणं, कानाला भास होणं, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. एकही कारण पुरं बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन. एवढं मात्र सांगतो. त्या खाकरण्यानं मला लहानपणी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि त्या सकाळी मी ते ऐकून खोलीभर हसलो आणि मग बराच वेळ जिन्यात बसून होतो. सोपानला आबांनी किती गाण्यांत साथ दिली, सगळ्या जगानं ती ऐकली. पण ते त्याच्यावर कधी खाकरले नाहीत.

ती ओळ मी नंतर झील धरून पुरी केली, गाण्यात तीच गेली. पहिली मात्र मी पुसली नाही, माझ्या फोनमध्ये ठेवली आहे. सोपान परवा विचारत होता, आबा परत कधी आले का रे, तुझ्या कानी काही पडलं का?

मी म्हणालो, न्हाई.